कॅप्टन टॉम, व्हाया खडकी

एप्रिल 2020. इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यातल्या मार्स्टन मॉर्टेन नावाच्या खेड्यात नव्याण्णव वर्षांचे एक गृहस्थ रोज घराच्या अंगणात येऊन चालायचे. हातात चाकांचा वॉकर, अंगात नीट इस्त्री केलेला कोट, गळ्यात टाय, छातीवर युद्धातली पदकं. अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस मीटर. टोकाला पोचलं की वॉकर सावकाश फिरवायचा, दम घ्यायचा आणि परत निघायचं. दिवसाला अशा दहा खेपा. 30 एप्रिलला शंभरी भरत होती, तोवर शंभर खेपा पुऱ्या करायच्या, असा बेत. सगळं मिळून अडीच किलोमीटर. दादर स्टेशनातून बाहेर पडून शिवाजी पार्कला चालत जावं आणि चालत परत यावं, साधारण तेवढं अंतर.

घरच्यांनी या खेपांच्या नावाने ऑनलाइन देणगी गोळा करायला घेतली. पैसे जाणार होते ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला, एनएचएसला मदत करणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या महासंघाकडे. अपेक्षा होती एक हजार पौंडांची. नातेवाईक, शेजारीपाजारी आणि गावातले ओळखीचे यांनी शंभर-दोनशे टाकले तरी होऊन जाईल, असा हिशोब. शंभराव्या वाढदिवसाला ही वर्गणी बंद झाली तेव्हा जमलेली रक्कम होती 3 कोटी 27 लाख 90 हजार पौंडांच्या घरात. त्यावर मिळणारी करसवलत धरली तर जवळजवळ 3 कोटी 89 लाख. रुपयांत मोजायचं तर नुसती देणग्यांची रक्कमच तीनशे कोटींच्या वर गेली. पैसे देणारे लोक 15 लाखांहून अधिक.

कॅप्टन टॉम मूर जगाला ठाऊक झाले ते असे. मग राणीने नाइटहूड दिलं, गाणं गाजलं, आत्मचरित्र आलं, आणि दहा महिन्यांत माणूस गेलासुद्धा. लॉकडाउनमध्ये घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्या आपल्याकडच्या लोकांनीही ती वॉकरची दृश्यं पाहिली होती. पण त्या अंगणात पाय ठेवण्याआधीची नव्याण्णव वर्षं तशी कुणी विचारलीच नाहीत, आणि खरं तर तीच जास्त सांगण्यासारखी आहेत. त्या लांबलचक प्रवासात एक मुक्काम तर आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. खडकी.

दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातून जहाजं नेणं म्हणजे पाणबुड्यांच्या आणि विमानांच्या तोंडी देणं होतं. त्यामुळे ब्रिटनहून भारताकडे निघालेल्या फौजा अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायच्या. तरुण अधिकारी टॉम मूर यांच्या जहाजाला सहा आठवडे लागले. वाटेत पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनला चार दिवस थांबा, केपटाऊनला त्याहून जास्त. मुंबईच्या बंदरात उतरल्यावर रेल्वेने घाट चढून पुणे आणि पुण्याहून मोटारीने खडकीची छावणी. दारूगोळ्याचा कारखाना आणि बॉम्बे सॅपर्सचं ठाणं यांमुळे खडकी तेव्हाही पक्की लष्करी वस्ती होती. यॉर्कशायरच्या गार, ओलसर खोऱ्यातून आलेल्या विशीतल्या पोराने हिंदुस्थान पहिल्यांदा पाहिला तो इथे.

त्यांची पलटण मुळात पायदळाची, ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटची नववी बटालियन. तिचं रूपांतर रणगाड्यांच्या दलात झालं आणि नाव पडलं 146 वी रॉयल आर्मर्ड कोअर रेजिमेंट. आता रणगाडे आले की त्यांच्यामागे निरोप पोचवणारे, रस्ता दाखवणारे मोटरसायकलस्वार लागतात. मूर यांना मोटरसायकलचं वेड लहानपणापासूनचं. पहिली गाडी बाराव्या वर्षी विकत घेतलेली. पुढे ते शर्यतींत उतरले, स्कॉट बनावटीच्या गाडीवर 23 हा आकडा लावून धावले आणि चषकही मिळवले. घरच्यांना जे खूळ वाटलं असेल तेच लष्करात कामाला आलं. पलटणीच्या मोटरसायकलस्वारांना तयार करण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं गेलं, आधी मुंबईत आणि मग कलकत्त्यात.

मुंबई ते कलकत्ता हा प्रवास त्यांनी रस्त्याने केला. ऐन पावसाळ्यात. तीन आठवडे लागले. जुलैत दुचाकीवरून नुसतं ठाण्याहून नाशिकपर्यंत गेलेल्या माणसालाही या तीन आठवड्यांचा थोडाफार अंदाज येईल. तो 1940च्या दशकातला रस्ता होता, वाटेत नद्या होत्या आणि सगळ्याच नद्यांवर पूल नव्हते. हाच प्रवास त्यांनी पुढे आणखी एकदा केला.

कलकत्त्यापलीकडे ब्रह्मदेश. मूर यांच्या वाट्याला आला तो आराकानचा किनारपट्टीचा भाग, आजचं राखाइन राज्य. डोंगर, दाट जंगल, भरती-ओहोटीच्या खाड्या आणि चिखल. तिथे जपानी सैन्याइतकाच दुसरा शत्रू होता तो डासांचा. मलेरियाने पलटणीच्या पलटणी आडव्या होत. मूर यांना डेंग्यू झाला, तेही निभावलं. ऑक्टोबर 1944 मध्ये ते हंगामी कॅप्टन झाले. ते लढत होते ती जनरल स्लिमची चौदावी सेना. युरोपातल्या लढाईकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असल्यामुळे तिकडचे लोक तिला विस्मृतीत गेलेली सेना म्हणत, आणि सैनिकही स्वतःची थट्टा त्याच नावाने करत. ती विस्मृती कुणाची, हा प्रश्न आपल्या बाजूने विचारायला हवा. कारण या सेनेतले बहुसंख्य जवान हिंदी होते. 1944 च्या मार्चमध्ये सांगशाकला जपान्यांना थोपवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. ब्रिटन त्यांना जेवढं विसरलं, त्यापेक्षा आपण काही कमी विसरलेलो नाही.

याच आराकानात, याच खडकीहून गेलेला आणखी एक तरुण होता. कारवारजवळच्या चेंडिया गावचा रामा राघोबा राणे. पोलीस शिपायाचा मुलगा, 1940 च्या जुलैत खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालेला. बुथिडाँगहून माघार घेताना शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून दारूगोळा आणि सामान उडवून देण्यासाठी मागे थांबलेल्या तुकडीत तो होता, आणि जपानी गस्त चुकवत नदी ओलांडून परतला. पुढे 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे उडवत, जखमी अवस्थेत रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल त्याला परमवीरचक्र मिळालं. मेजर राणे 1994 मध्ये पुण्यात गेले. मूर आणि राणे कधी भेटले असतील, असं म्हणायला काही आधार नाही. पण ज्या चिखलातून ते दोघे गेले तो चिखल एकच होता, आणि कॅप्टन टॉमवर लिहिताना मराठी लेखकाने राण्यांना वगळून पुढे जाणं बरं दिसत नाही.

फेब्रुवारी 1945 मध्ये मूर यांना चर्चिल रणगाड्याचं तांत्रिक शिक्षण घ्यायला मायदेशी पाठवलं. ते पुन्हा पलटणीकडे परतले नाहीत. डॉर्सेटमधल्या बोविंग्टनच्या रणगाडा शाळेत शिक्षक म्हणून राहिले आणि 1946 च्या सुरुवातीला सैन्यातून मोकळे झाले. लष्करी नोकरी एकूण सहा वर्षांच्या आतबाहेर. शंभर वर्षांच्या आयुष्यात सहा. तरी ती सहा वर्षं त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाहीत.

कशी सोडली नाहीत, तर चौसष्ट वर्षं त्यांनी आपल्या रेजिमेंटच्या जुन्या सोबत्यांचा वार्षिक मेळावा भरवला. ज्याने कधी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन एकदा तरी भरवलं आहे, त्याला हे काम काय असतं ते सांगायला नको. पत्ते जमवायचे, पत्रं टाकायची, हॉल ठरवायचा, जेवणाचा आकडा विचारायचा, आयत्या वेळी न येणाऱ्यांवर चरफडायचं आणि पुढल्या वर्षी पुन्हा यादी काढायची. इथे तर यादी दरवर्षी लहान होत जाणार, हे पहिल्या वर्षीच ठाऊक होतं. कोण गेलं, कोण अंथरुणाला खिळलं, कुणाच्या बायकोला पत्र लिहायचं, हे सगळं ठेवणारा माणूस लागतो. चौसष्ट वर्षं तो माणूस टॉम मूर होते. 2020 मध्ये देशाने त्यांना वीर म्हणून डोक्यावर घेतलं, पण वीरश्रीपेक्षा हा चिवट कारकुनी जिव्हाळा त्यांच्या स्वभावाचं जास्त खरं चित्र उभं करतो.

त्याची मुळं कीथलीत सापडतात. यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमधलं हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. ब्राँटे भगिनींचं हॉवर्थ तिथून हाकेच्या अंतरावर. टॉम जन्मले 30 एप्रिल 1920 ला. वडिलांचं घराणं बांधकामाच्या धंद्यातलं. वडील विल्फ्रेड यांना तरुणपणीच बहिरेपण आलेलं. आई इझाबेला मुख्याध्यापिका. चारचौघांच्या गप्पांतून बाजूला पडलेल्या वडिलांचा हा मुलगा. माणसाला एकटं पाडू नये, ही गोष्ट त्याला कुणी वेगळी शिकवावी लागली नसावी. गावच्या ग्रामर स्कूलमध्ये शिक्षण झालं, सिव्हिल इंजिनियरिंगची उमेदवारी सुरू झाली आणि तेवढ्यात युद्धाने उचललं. 1940 मध्ये सक्तीच्या भरतीत आठव्या बटालियनमध्ये गेले, अधिकारी होण्यासाठी निवड झाली, 28 जून 1941 ला सेकंड लेफ्टनंटची नेमणूक मिळाली. पुढचा प्रवास सांगून झालाच आहे.

युद्धानंतरचं आयुष्य ऐकायला मुळीच रोमहर्षक नाही. यॉर्कशायरमध्ये छपराचं सामान विकणाऱ्या कंपनीत विक्रीचं काम. 1949 मध्ये पहिलं लग्न झालं. ते सुखाचं नव्हतं आणि अखेर रद्द झालं. आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलेलं नाही. ब्रिटनच्या लाडक्या आजोबांची प्रतिमा सांभाळायची तर हे पान गाळता आलं असतं. शंभराव्या वर्षी ते सांगून टाकावंसं वाटणं हे त्यांच्या सरळपणाला धरून होतं.

मग पॅमेला. ग्रेव्हजेंडच्या कचेरीत ऑफिस मॅनेजर असलेली, वयाने बरीच लहान. जानेवारी 1968 मध्ये लग्न झालं तेव्हा टॉम सत्तेचाळीस वर्षांचे होते. दोन मुली झाल्या. ज्या वयात त्यांच्या बरोबरीचे लोक मुलीच्या लग्नाच्या खटपटीत असतात, त्या वयात हे गृहस्थ लंगोट धूत होते. संसाराला असा उशिरा लागलेला माणूस बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. एक तर त्याला त्रास वाटतो, नाही तर अप्रूप. टॉमना अप्रूप वाटलं.

याच सुमारास नोकरीतही ते वर चढत गेले आणि काँक्रीटच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्याचे प्रमुख झाले. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सखल, पाणथळ प्रदेशात, मार्च नावाच्या गावी हा कारखाना होता. मालक कंपनी तो बंद करणार, अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा मूर यांनी पैसे लावणारे काही लोक गोळा केले आणि कारखानाच विकत घेतला. कामगारांच्या नोकऱ्या वाचल्या. नवं नाव ठेवलं मार्च काँक्रीट. काही वर्षांनी तो एका मोठ्या कंपनीला विकून ते निवृत्त झाले. हे सगळं चार ओळींत संपतं आणि वर्तमानपत्रांनीही ते तसंच संपवलं. पण साठीच्या उंबरठ्यावरच्या पगारदार माणसाने, घरात शाळेत जाणाऱ्या दोन मुली असताना, बुडू घातलेल्या धंद्यात हात घालणं हे अंगणातल्या शंभर खेपांपेक्षा जास्त धाडसाचं होतं. तिथे वाजवायला बँड नव्हता, एवढंच.

मधल्या काळातली एक गंमत. 1983 च्या नाताळात बीबीसीच्या ‘ब्लँकेटी ब्लँक’ या हलक्याफुलक्या खेळात त्रेसष्ट वर्षांचे मूर स्पर्धक म्हणून झळकले होते. सदतीस वर्षांनी जुन्या चित्रफितींत ते सापडले आणि टीव्हीवर पुन्हा दाखवले गेले. मिश्कील डोळे, नीटनेटका कोट. फरक फक्त वॉकरचा.

निवृत्तीनंतर नवराबायको स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला गेले. ऊन, समुद्र, निवांतपणा. पेन्शनीत निघालेल्या इंग्रजाचं हे स्वप्नच असतं. ते फार काळ टिकलं नाही, कारण पॅमेलाला स्मृतिभ्रंश होऊ लागला. ते इंग्लंडला परतले. पुढे तिला शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागलं. टॉम तेव्हा ऐंशी ओलांडलेले. ते रोज तिला भेटायला जायचे. रोज म्हणजे खरोखरच रोज. तिथे जाता-येता त्यांच्या लक्षात आलं की आजूबाजूच्या खोल्यांतल्या कितीतरी माणसांकडे कुणीच येत नाही. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर म्हाताऱ्यांच्या एकटेपणाविषयी ते पुनःपुन्हा बोलत, त्याचं मूळ या रोजच्या खेपांत होतं. आपल्याकडेही आता अशी केंद्रं पुण्यात, नाशिकात, ठाण्यात निघाली आहेत. आठवड्याचा एक ठराविक वार, डबा, अर्धा तास आणि परतीची घाई, हे दृश्य आता आपल्यालाही परकं राहिलेलं नाही.

पॅमेला 2006 मध्ये गेली. दोनेक वर्षांनी टॉम धाकट्या मुलीच्या घरी, मार्स्टन मॉर्टेनला राहायला आले. लेक, जावई, दोन नातवंडं आणि आजोबा एका छपराखाली. आपल्याकडे यात विशेष काही नाही. इंग्लंडात मात्र म्हाताऱ्या बापाला घरी आणणं हा मुद्दाम घेतलेला निर्णय असतो आणि म्हाताऱ्यालाही त्यासाठी बराच अहंकार गिळावा लागतो. नव्वदीच्या पुढेही ते गाडी चालवत, घरातली लहानसहान कामं करत. 2018 मध्ये ते पडले. खुब्याचं हाड मोडलं, बरगड्यांना मार लागला. त्यातच डोक्यावर त्वचेचा कर्करोग झालेला, त्यावरही उपचार झाले. एनएचएसच्या परिचारिकांनी त्यांना पुन्हा उभं केलं. त्या कृतज्ञतेतूनच पुढचं सगळं घडलं. अंगणातल्या खेपा मुळात दुरुस्त झालेल्या खुब्याचा व्यायाम होत्या. देणगीची कल्पना नंतर आली.

6 एप्रिल 2020 ला सुरुवात झाली. हजार पौंड चार दिवसांत जमले. उद्दिष्ट वाढवलं, तेही मागे पडलं. आधी गावाकडच्या बातम्यांत, मग बीबीसीच्या रेडिओवर, मग सकाळच्या टीव्हीवर. 16 एप्रिलला शंभरावी खेप होती. यॉर्कशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान, म्हणजे त्यांच्या जुन्या रेजिमेंटचे वारस, अंगणाच्या दोन्ही बाजूंना अंतर राखून उभे राहिले. कॅमेरे थेट दाखवत होते. ते चालत आले, थांबले, आणि आपण थांबणार नाही, पुढे दोनशेपर्यंत जाऊ, असं सांगून मोकळे झाले.

ब्रिटन का भारावलं, हे समजायला ते आठवडे आठवावे लागतात. रुग्णालयं भरलेली, डॉक्टर-नर्सना पुरेसे संरक्षक पोशाख मिळत नाहीत म्हणून ओरड, पंतप्रधान बोरिस जॉन्सन स्वतः अतिदक्षता विभागात. आपण थाळ्या वाजवल्या, ते गुरुवारी रात्री आठ वाजता दारात उभं राहून टाळ्या वाजवत होते. टाळ्यांपलीकडे काही करता येत नाही, ही बोच लाखो लोकांना होती. तिला एका आजोबांनी वाट करून दिली. पण त्याच वेळी काही जणांनी एक सरळ प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. करांतून चालणाऱ्या आरोग्यसेवेसाठी नव्याण्णव वर्षांच्या माणसाला वॉकर घेऊन चालावं का लागतं? त्या पैशांनी सरकारची खरेदी भागणार नव्हतीच. ते गेले कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोल्या, समुपदेशन, रुग्णांना नातेवाइकांशी बोलता यावं म्हणून साधनं, अशा बाजूच्या गोष्टींकडे. ज्या बाजूच्या गोष्टी कुठल्याच सरकारच्या अंदाजपत्रकात कधी वर येत नाहीत.

गायक मायकेल बॉल आणि एनएचएसच्या कर्मचाऱ्यांचा गायकवृंद यांच्याबरोबर त्यांचा आवाज असलेलं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ 24 एप्रिलला ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एवढ्या वयात पहिल्या क्रमांकावर पोचलेला दुसरा कुणी नाही. आधीचा मान टॉम जोन्सकडे होता, तेव्हा जोन्स अडुसष्ट वर्षांचे होते. वाढदिवसाला शुभेच्छापत्रं आली दीड लाखांवर. खेड्याच्या टपालघराला ते झेपेना, तेव्हा ती नातवाच्या शाळेच्या, बेडफर्ड स्कूलच्या सभागृहात उघडून मांडली गेली. छायाचित्रं आहेत त्या सभागृहाची. लाकडी फरशी दिसत नाही, नुसती कार्डं उभी. त्या दिवशी घरावरून एक स्पिटफायर आणि एक हरिकेन उडत गेली. लष्कराने त्यांना हॅरोगेटच्या लष्करी प्रशिक्षण महाविद्यालयाचं मानद कर्नलपद दिलं.

त्यांचं पाहून कितीतरी म्हातारे उठले. बंगाली मुळाचे दबिरुल इस्लाम चौधरी त्यांच्याच वयाचे. रमजानचे रोजे पाळत त्यांनी बागेत फेऱ्या घातल्या आणि ब्रिटन, बांगलादेशासह अनेक देशांतल्या गरजूंसाठी लाखो पौंड उभे केले. त्यांचा उल्लेख आपल्याकडे फारसा झाला नाही, तो व्हायला हवा होता.

17 जुलैला विंडसरच्या किल्ल्यात राणी एलिझाबेथने वडिलांची, म्हणजे सहाव्या जॉर्जची तलवार त्यांच्या खांद्यांवर टेकवली. राणी चौऱ्याण्णव वर्षांची, समोरचा शंभर. प्रथेप्रमाणे गुडघा टेकायचा असतो. गुडघे टेकले तर पुन्हा उठता येणार नाही, असं टॉमनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते वॉकर धरून उभेच राहिले.

डिसेंबरात कुटुंब त्यांना बार्बाडोसला घेऊन गेलं. नियमात बसणारा प्रवास होता, तरी टीका झाली. ऊन खाऊन परतले. जानेवारीत न्यूमोनिया, त्यावरच्या औषधांमुळे लस घेता आली नाही, मग कोरोना. 31 जानेवारीला बेडफर्डच्या रुग्णालयात दाखल केलं आणि 2 फेब्रुवारी 2021 ला ते गेले. ब्रिटनमधल्या कोरोनाबळींचा आकडा लाखावर गेल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. अंत्यविधीला नियमाप्रमाणे घरचे आठ जण. शवपेटी जवानांनी उचलली, बंदुकांच्या तीन फैरी झडल्या आणि आकाशातून दुसऱ्या महायुद्धातलं एक डकोटा विमान गेलं.

यानंतरचा भाग सांगायला जड आहे, पण तो टाळून हा लेख पुरा होत नाही. त्यांच्या नावाने कुटुंबाने एक स्वतंत्र संस्था काढली होती. तिच्या कारभाराची ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने चौकशी केली. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या अहवालात मुलगी आणि जावई यांच्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवला गेला आणि संस्थेच्या नावाचा खाजगी फायदा झाल्याचं म्हटलं गेलं. पुस्तकाच्या करारातले चौदा लाखांहून अधिक पौंड कुटुंबाच्या कंपनीकडे गेले होते. दोघांना काही वर्षं विश्वस्तपद घेण्यास मनाई झाली. कुटुंबाने हे निष्कर्ष अमान्य केले. घराच्या आवारात संस्थेच्या नावावर परवानगी घेऊन बांधलेली, स्पा-पूलसह मोठी झालेली इमारत त्याआधीच पाडावी लागली होती. एक गोष्ट मात्र नीट वेगळी ठेवायला हवी. एप्रिल 2020 मध्ये जमलेले ते पावणेचार कोटींहून अधिक पौंड या संस्थेकडे कधी आलेच नव्हते. ते थेट एनएचएसच्या महासंघाकडे गेले आणि त्यांच्या वापराबद्दल या चौकशीत प्रश्न नव्हता.

ज्याचं सगळं आयुष्य घरच्या माणसांभोवती फिरलं, त्याचं नाव घरच्यांमुळेच वादात सापडावं, ही गोष्ट लागते. ‘शेवटी त्यांनाही हे ठाऊक असणार’ असं म्हणणारे ब्रिटनमध्ये बरेच भेटतील. तसं म्हणायला अहवालात आधार नाही. शंभरीच्या माणसाभोवती अचानक एजंट, प्रकाशक, प्रायोजक जमा झाले की काय होतं, हे पाहायचं तर आपल्याकडे लांब जावं लागत नाही. मोठ्या गायकांच्या, खेळाडूंच्या नावाचे न्यास आठवावेत.

मूर यांची रक्षा कीथलीत, घराण्याच्या दफनभूमीत ठेवण्याचं ठरलं. दगडावर काय कोरायचं, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं. मराठीत त्याचा मथितार्थ असा: म्हातारा झालोय, सांगत होतो ना! ही कल्पना त्यांनी उचलली विनोदकार स्पाइक मिलिगनकडून. मिलिगन जन्मला अहमदनगरला, 16 एप्रिल 1918 रोजी. वडील ब्रिटिश फौजेत, बालपण पुण्यात आणि मग रंगूनला. आपल्या थडग्यावर ‘आजारी आहे म्हणून सांगत होतो ना’ अशा अर्थाची ओळ असावी, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडच्या चर्चला हा विनोद इंग्रजीतून मानवेना. तेव्हा घरच्यांनी ती ओळ आयरिशमध्ये कोरून घेतली आणि चर्चची हरकत संपली. टॉमना अशा आडवळणाची गरज नव्हती. त्यांची ओळ सरळ इंग्रजीत होती, यॉर्कशायरच्या माणसाला शोभेल अशी.